बशीर मापाऱ्याचा अंगठा

अमरावतीच्या कापूसबाजारात बशीर मापारी म्हणजे एक विचित्रच माणूस होता. न तोलता तो काही घेत नसे. घरी खरबूज आणलं तरी आधी काट्यावर ठेवणार, आणि कुणी मायेनं ओंजळभर हरभरे पुढे केले तर हातात खालीवर करून, "पावशेराले कमी हाय," असं सांगून मगच खाणार. अशा माणसावर माया करणं सोपं नव्हतं. भातकुलीच्या पार्वताबाईचा तर त्याच्यावर दातच होता.

कारणही तसंच होतं. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस यायचा थांबला, विलायतेच्या गिरण्यांचं वऱ्हाडच्या कापसावाचून अडलं, आणि इकडे भाव चढताच भल्याभल्यांची नियत फिरली. पार्वताबाईचे मालक सूर्यभानजी तसे सरळ गृहस्थ, पण एका मोसमात त्यांनीही वजन वाढावं म्हणून गाडीतल्या कापसावर दोन घागरी पाणी शिंपडलं. बशीरनं मूठभर कापूस घेऊन त्यात अंगठा दाबला. कोरडा कापूस लगेच फुगून वर येतो. हा दबलेलाच राहिला. "यात पानी हाय जी," तो सगळ्यांदेखत म्हणाला आणि गाडी परत पाठवली. चूक नवऱ्याची, हे पार्वताबाईला कळत होतं. पण राग मापाऱ्यावर धरणं जास्त सोयीचं होतं.

पुढच्या दसऱ्याच्या सुमारास सूर्यभानजींचा घसा सुजला, ताप भरला, आठ दिवस माणूस शुद्धीत नव्हता. पार्वताबाईनं अमरावतीच्या अंबादेवीला नवस बोलला, हे उठून बसले तर गुळानं तुळा करीन. ताप उतरला. गूळ किती आणायचा ते ठरवायला सूर्यभानजींना कापसाच्या मोठ्या काट्यावर तोललं. काटा बशीरचाच, कारण दुसऱ्या कुणाच्या काट्यावर खुद्द पार्वताबाईचाही भरवसा नव्हता. सत्तर शेर भरले.

बारा दिवसांनी देवळाबाहेरच्या निंबाखाली तोच काटा टांगला. पार्वताबाईनं गूळ पाच शेर जास्तच आणला होता. सूर्यभानजी पारड्यात बसले. गाल वर आलेले, पापण्या जडावलेल्या, पाय चांगले गुबगुबीत. दुसऱ्या पारड्यात भेल्यांवर भेल्या चढल्या, सगळा गूळ संपला, तरी सूर्यभानजी जागचे हलेनात. लोक हसू लागले.

"वैनी, खुराक भारी दिसून राहिला तुमचा!"

त्या तेजीच्या दिवसांत अंग भरलं म्हणजे घर भरलं, असा सगळ्यांचाच समज. पार्वताबाई लाजली आणि मनातून सुखावली. तापानं खंगलेला नवरा असा भरून आला, तिला आणखी काय हवं होतं?

एकटा बशीर हसला नाही. "वैनी, हे जेवते किती?"

"कुठचं जेवते! दोन घास घेतले का पोट गच्च झालं म्हनते."

बशीर खाली वाकला आणि सूर्यभानजींच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तिथे खळगा पडला. सगळे बघत राहिले, पण खळगा काही भरून येईना.

"यात पानी हाय, वैनी."

पार्वताबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "देवीच्या दारात काहून अभद्र बोलता? त्याईचं अंग वर आलं ते पाहावत नाई का तुमाले?"

"काटा किती ते सांगते, कायचं ते सांगत नाई," बशीर म्हणाला. "खाल्ल्याबिगर मांस चढत नाई, आन् बारा दिवसांत इतकं त खाऊनबी चढत नाई. माहा काटा खोटा असन त मोडून टाका. नसन त आत्ताच हकिमाकडे चला."

काटा खोटा नव्हता. हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तिनं गुळावर धोतर पांघरलं आणि नवऱ्याला गाडीत बसवलं.

हकीम इनायतुल्लांनी डोळे पाहिले, पाय पाहिले, फेसाळ लघवी पाहिली. ही चरबी नव्हे, सूज आहे, आणखी आठ दिवसांनी आणलं असतं तर पाणी छातीत चढलं असतं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मीठ बंद, काढा सुरू, आणि रोज सकाळी अनशेपोटी काट्यावर बसायचं, कारण उतार पडतो की नाही ते नुसत्या नजरेला कळणार नव्हतं.

मग नवरा-बायको अमरावतीतच राहिली, आणि बाजार उघडण्याआधी बशीर रोज सूर्यभानजींना तोलू लागला. वजन घटलं की पार्वताबाईला अन्न गोड लागे. एका सकाळी ते एकदम शेरभर वाढलं. बशीरनं सूर्यभानजींकडे नुसतं रोखून पाहिलं. "लोणचं खाल्लं," सूर्यभानजी पोरासारखे पुटपुटले. पार्वताबाईनं बरणीच विहिरीत टाकली.

पौष सरता सरता हकिमांनी औषध थांबवलं. नडगीवर अंगठा दाबला की कातडी आता लगेच वर येत होती. राहिलेली तुळा करायला पुन्हा निंबाखाली काटा टांगला. पारड्यात बसलेल्या सूर्यभानजींची हाडं दिसत होती. "किती वाळले बिचारे," बायका हळहळल्या. गुळाचं पारडं मात्र धाडकन जमिनीला टेकलं. पार्वताबाई एकेक भेली काढू लागली. प्रत्येक भेलीसरशी तिचे डोळे भरून येत होते, कारण तेवढं ओझं नवऱ्याच्या अंगावरून उतरलं होतं. बासष्ट शेरांवर काटा थांबला. देवीचा गूळ देवीला गेला.

उरलेल्या भेल्या पदरात घेऊन ती बशीरसमोर उभी राहिली. वर्षभरात पहिल्यांदाच तिनं त्याला नात्यानं हाक मारली.

"बशीरभाऊ, हे त्याईच्या अंगातलं पानी हाय. तुमी काढलं, आता तुमीच घ्या. माह्या घरचा मानूस तुमी मले वापस देल्ला."

काटा हाताशीच होता. बशीरनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग खांद्यावरचा गमछा पसरला आणि सगळा गूळ न तोलता घेतला.