अकरा नंबरची खुंटी

होडेकर आडनावाच्या माणसाने उभा जन्म जहाजं मोडण्यात घालवावा, यात अजीज होडेकरला कधी काही वावगं वाटलं नाही. बाणकोटला त्याच्या आजोबांनी होड्या बांधल्या, बापाने त्या दुरुस्त केल्या, याने मोडायला घेतल्या. धंदा घरातच राहिला, असं तो म्हणे. रास अल खैमाच्या खाडीकाठी एका अरबाबाचं, म्हणजे अरब मालकाचं, यार्ड होतं. म्हातारी जहाजं भरतीला आणून चिखलात रुतवायची, ओहोटीला गॅसने कापायची आणि लोखंड ट्रकांत भरून पाठवून द्यायचं. अजीज तिथला फोरमन.

किनाऱ्यावरच्या फाटकाजवळ एक लांब फळी होती, तिच्यावर चाळीस खुंट्या. हेल्मेटला तिथे सगळे टोपी म्हणत. जहाजाच्या पोटात शिरताना आपली टोपी काढून डोक्यावर घालायची, बाहेर आलं की परत टांगायची. कुठलीही टाकी बंद करण्याआधी फोरमनने फळीकडे बघायचं. खुंटी रिकामी, म्हणजे माणूस आत. टोपी जागेवर, म्हणजे माणूस बाहेर. चार देशांच्या, एकमेकांची भाषा न येणाऱ्या माणसांसाठी याहून सोपी हजेरी सुचणं कठीण होतं.

पंच्याण्णवच्या जुलैत श्रीवर्धनकडचा महादू, खुंटी नंबर अकरा, उकाड्याला वैतागून टोपी न घालताच, डोक्याला ओला पंचा गुंडाळून एका टाकीत उतरला. संध्याकाळी अजीजने फळी पाहिली. चाळीसच्या चाळीस टोप्या. त्याने झाकण बसवायला सांगितलं. सकाळी महादू कामावर आला नाही, तेव्हा झाकण उघडलं.

चौकशीत अजीजवर ठपका आला नाही. त्याने नियम तंतोतंत पाळला होता. मोडला होता तो महादूने, आणि त्याची जी काय शिक्षा ती त्याला मिळालीच होती. अकरा नंबरची टोपी उतरवायची मात्र कुणाची छाती झाली नाही. महादू बाहेर आहे, असं ती पुढे चौदा वर्षं सांगत राहिली.

तेव्हापासून अजीज झाकण लावण्याआधी त्याच्या कडेवर हातोडीने तीनदा ठोकी आणि भोकात तोंड घालून विचारी, "आत कोण आहे का?" मराठीत. यार्डात बंगाली, मल्याळी, पठाण. मराठी कुणालाच येत नव्हती. कुणी हसलं तर म्हणे, "ज्याला विचारतोय त्याला कळतं."

पुढच्याच वर्षी पहिल्यांदा आतून उत्तर आलं. तीन ठोके. अजीज उतरून बघून आला, कोणी नव्हतं. मग वर्षातून एकदोनदा असं होऊ लागलं. जहाज दरवेळी निराळं. महादूचं जहाज कापून कधीच गेलं होतं, त्याच्या सळया कुठल्याशा इमारतीच्या खांबांत बसल्या होत्या. पण आखातात एका जागी राहतो कोण? बिल्डिंग पाडायला काढली की माणसं ट्रंक उचलून दुसरीकडे बेडस्पेस, म्हणजे भाड्याची खाट, बघतात. महादूही तेच करत असणार, असं अजीजने धरलं होतं.

पुढे गुणवंत नावाचे पुण्याचे इंजिनिअर मॅनेजर होऊन आले. यार्डात मराठी कळणारा दुसरा माणूस आला.

"अजीजभाई, सिंपल आहे हो. दिवसभर तापलेलं लोखंड संध्याकाळी थंड होतं, आकसतं. त्याचा आवाज."

"बरोबर तीनदा?"

"चारदापण होत असेल. तुम्ही तीननंतर ऐकत नसाल."

दोन हजार सातमध्ये खाडीकाठी टॉवर येणार म्हणून यार्डाला उठायची नोटीस आली. भिंतीबाहेर भलामोठा बोर्ड लागला: निळं पाणी, गोरी बाई, हातात कॉफीचा कप. दोन हजार आठच्या अखेरीस लोखंडाचा भाव असा कोसळला की अरबाबाने चढ्या भावात घेतलेली जहाजं कापण्यात काही अर्थ उरला नाही. त्याच सुमारास टॉवरवालाही बुडाला. ज्याच्यासाठी यार्ड उठायचं तो आधी उठला, मग यार्डही उठलं. बाई तेवढी कॉफी पीत राहिली. उन्हाने आधी तिचा चेहरा गेला, नंतर कप.

एकेक माणूस व्हिसा रद्द करून घरी गेला, तशी त्याची खुंटी रिकामी झाली. एप्रिलपर्यंत फळीवर चार टोप्या उरल्या: अजीजची, गुणवंतांची, फिटर राजनची आणि महादूची. जुन्या नियमाने वाचायचं तर छत्तीस माणसं आत होती आणि एकही बाहेर येत नव्हतं.

खाडीत एकच जहाज शिल्लक होतं, अर्धवट कापलेलं. ते समुद्रापलीकडच्या एका यार्डाने घेतलं. टगबोट ते दुपारच्या भरतीला ओढून नेणार, त्याआधी चारही टाक्या बंद हव्या होत्या. अजीजला जहाजाची फिकीर नव्हती, महादूची होती. यानंतर इथे जहाज येणार नव्हतं. आणि तिकडे झाकण लावण्याआधी कुणी मराठीत विचारणार नव्हतं.

तीन टाक्या गुपचूप बंद झाल्या. चौथीवर त्याने ठोकलं, विचारलं. आतून तीन ठोके आले. राजनने आभाळाकडे पाहिलं.

"थंड होतंय लोखंड," गुणवंत म्हणाले.

"साहेब, दुपारचे दोन वाजलेत."

"मग तापत असेल." त्यांचा फोन वाजला. टगवाला होता. ते बोलत बोलत किनाऱ्यावर गेले. राजन बोल्ट आणायला आधीच निघाला होता.

अजीजने हातोडी झाकणाशेजारी ठेवली. टाकीला दोन दिवस ब्लोअर लावून हवा खेळवलेली होती, त्यामुळे भीती नव्हती. आज फक्त डेकवरचं काम म्हणून सकाळपासून टोपी कुणीच घातली नव्हती. त्याने डोक्याला पंचा गुंडाळला आणि टॉर्च घेऊन तो शिडीने खाली उतरला.

राजन बोल्ट घेऊन परतला. हातोडी पडलेली, म्हणजे ठोकून झालं. अजीजभाई दिसेना. त्याने किनाऱ्यावरच्या फळीकडे पाहिलं, आणि डेकवरूनच गुणवंतांना हाक दिली, "साब, सब टोपी ऊपर है." गुणवंतांनीही मान वळवून फळी पाहिली आणि अंगठा दाखवला.

अजीज टाकीच्या दूरच्या कोपऱ्यात होता. वरचा उजेडाचा गोल चंद्रकोरीएवढा झाला, मग गेला. तो ओरडला नाही. महादूला त्या संध्याकाळी नेमकं असंच दिसलं असेल, एवढं मात्र त्याला स्वच्छ कळलं. हातातली टॉर्च लोखंडावर आपटावी हेही त्याला सुचलं नाही.

तेव्हा त्याच्या उजव्या हाताला, हाताच्या अंतरावर, कुणीतरी तीनदा ठोकलं. शांतपणे, घाई नसल्यासारखं.

झाकण सरकलं. गुणवंत धावत आले होते. "अहो, काय हे अजीजभाई! ठोकलंत म्हणून कळलं. राजन बोल्ट आवळतच होता. कशाने ठो—" त्यांची नजर हातोडीवर गेली. ती डेकवरच पडली होती.

टगचा भोंगा वाजला. "आता एवढंच सांगा," ते हळू आवाजात म्हणाले, "आत कोणी आहे का? येस ऑर नो. मी लावतो झाकण तुम्ही म्हणाल तरच."

"पाच मिनिटं द्या साहेब."

अजीज किनाऱ्यावर गेला. अकरा नंबरची टोपी त्याने चौदा वर्षांत पहिल्यांदा खाली काढली. मागे फळीवर फिकट गोल उरला. ती घेऊन तो परत आला आणि भोकाच्या कडेला बसला. 

"महादू," तो म्हणाला, "चल. खलास झालं. आता कापायला काही नाही. ह्यांच्याबरोबर जाऊ नको, तिकडे ओळखीचं कोणी नाही. माझ्या घरी चल."

उत्तर आलं नाही. तो टोपी काखेत धरून उठला.

"लावा. आला बाहेर."

"कोण?"

"मीच की."

गुणवंतांनी झाकण लावलं. रिपोर्टात त्यांनी लिहिलं की टाक्या तपासल्या, आत कोणी नाही. पुढे ते एका मोठ्या कंपनीत लागले. लोखंडाचा विषय निघाला की हल्ली ते तापणं-आकसणं वगैरे म्हणत नाहीत, असं राजन सांगतो.

घरी, गावातल्या त्यांच्या फ्लॅटवर, बायकोने, मैमुनाबीने, टोपी पाहिली. "ही कुणाची?"

"महादूची."

तिने वर्षानुवर्षं हे नाव ऐकलं होतं. "मग जमिनीवर नका ठेवू," एवढंच ती म्हणाली, आणि दाराजवळच्या खुंटीवरच्या किल्ल्या काढून जागा करून दिली.

पहिल्याच शुक्रवारी, नमाजनंतर तिघं जेवायला बसली होती. दारावर तीन ठोके पडले. लेक अलिशाने उठून उघडलं, कॉरिडॉरमध्ये दोन्हीकडे पाहिलं.

"अब्बा, देअर्स नो वन."

"असू दे. लोटू नको इतक्यात."

"पण एसी चालू आहे," मैमुनाबी पुटपुटली. उठली मात्र नाही.

दार उघडंच राहिलं. अजीजने जुन्या सवयीने खुंटीकडे नजर टाकली. टोपी जागेवर होती.