शे का? शे!

मंदाताईंना वैजूच्या आवाजाची काळजी लागली होती. आवाज बसला नव्हता, रडवेलाही नव्हता. तो रोज अगदी एकसारखा येत होता, आणि तेच त्यांना खुपत होतं.

रोज संध्याकाळी साडेसातला त्या धरणगावहून धुळ्याला फोन करत. "बरी शे ना?" बरी आहेस ना, असं त्या अहिराणीत विचारत. पलीकडून वैजू म्हणे, "बरी शे." बुधवारी बरी शे, गुरुवारी बरी शे, शुक्रवारी बरी शे. गिरणीतून पडणाऱ्या पिठासारखं, ना जाड, ना बारीक.

"मंग बरी शे म्हनस ना ती? आखो काय पाहिजे तुले?" मंदाताईंचे यजमान जीवरामभाऊ म्हणाले. त्यांचा कापसावर जितका विश्वास, तितकाच लेकीच्या शब्दावर.

मंदाताई जळगावच्या कॉलेजातून बी. ए. झालेल्या. शब्द काय सांगतो आणि काय लपवतो, यावर त्यांनी परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती. शनिवारी पहाटे त्यांनी वांगी भाजली, भरीत केलं, कळण्याच्या भाकरी फडक्यात बांधल्या आणि पहिली एस. टी. गाठली.

वैजू, म्हणजे वैजयंती, लहानपणापासून यंत्रांत रमणारी. सहावीत तिने घरातला रेडिओ उघडला आणि परत जोडला. दोन स्क्रू उरले, पण रेडिओ आधीपेक्षा खणखणीत वाजू लागला. ते स्क्रू तिने बाटलीत जपून ठेवले होते. पुढे कॉम्प्युटर शिकली आणि वर्षापूर्वी धुळ्याच्या एका सहकारी दूध प्रकल्पात तात्पुरत्या जागेवर लागली. प्रकल्पाचा मोठा सर्व्हर धुळ्यात, आणि साक्री, पिंपळनेर, शिरपूर अशा पाच शीतकेंद्रांवर एकेक लहान सर्व्हर. तिथलं दूध किती, टाकी किती थंड, हे सगळं त्यात. या पाचांच्या तब्येतीवर नजर ठेवायला वैजूने स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला होता. तो दर तासाला प्रत्येक केंद्राला फोन लावी आणि विचारी. उत्तर आलं की धुळ्याच्या पडद्यावर त्या गावापुढे हिरवा दिवा, नाही आलं की लाल. ऑफिसात त्याला सगळे 'पहारेकरी' म्हणत.

मंदाताई पोचल्या तेव्हा वैजू टेबलाखाली होती. नुसते पाय दिसत होते.

"वैजू?"

डोकं टेबलाला आपटल्याचा आवाज झाला. बाहेर आलेल्या चेहऱ्यावर जाळी लागली होती, आणि डोळ्यांखाली काजळ पसरल्यासारखं काळं.

"आई? तू कशाला आलीस?"

"भरीत घेऊन आले. काय झालंय?"

"काही नाही. मी बरी…" एवढं म्हणून ती थांबली आणि खुर्चीत बसली. "साक्रीचं दूध नासलं, आई. अख्खी टाकी."

मग सगळं बाहेर आलं. गुरुवारी रात्री साक्रीला वीज गेली, जनरेटर चालू झाला नाही, तिथलं मशीनही बंद पडलं. केंद्रावरचे वनाभाऊ मेहुण्याच्या लग्नाला गेले होते. काही झालंच तर धुळ्याला पडद्यावर दिसेल, या भरवशावर गेले होते. आणि धुळ्याच्या पडद्यावर रात्रभर साक्री हिरवीगार! शुक्रवारी सकाळी वनाभाऊंचा फोन आला, "ताई, बठ्ठं दूध फाटी गयं!" तेव्हासुद्धा हिरवीच.

"सोमवारी संचालकांची मीटिंग आहे. साहेब म्हणाले, कारण सापडलं तर सांग. नाहीतर पहारेकरी बंद, आणि तूही घरी जा."

घरी जा, हे ऐकून मंदाताईंना क्षणभर बरंच वाटलं. मग त्यांनी लेकीचा चेहरा पाहिला आणि त्या बरं वाटण्याची त्यांना लाज वाटली. त्यांनी पदर खोचला. "चल, मला दाखव."

वैजूने नोंदींचा कागद पुढे केला. गुरुवार रात्रीपासून दर तासाला साक्रीपुढे एकच शब्द: शे. इंग्रजी अक्षरांत, पण शे.

"हे काय?"

वैजू जरा ओशाळली. "पहारेकरी विचारतो, 'शे का?' मशीन म्हणतं, 'शे.' तिथल्या माणसांना आपलं वाटावं म्हणून तसं ठेवलं."

तिने साक्रीला फोन लावला. "वनाभाऊ, मशीन आत्ता चालू आहे का?"

"कोठे चालू, ताई! गुरवारपाइन बंद शे. मी तेन्हावर गमछा टाकी दिन्हा. देखवस नही."

इकडे पडद्यावर दहाची फेरी झाली. साक्री: शे. हिरवा दिवा.

"मेलेलं मशीन बोलतंय," वैजू हळूच म्हणाली. तिच्या हातावर काटा आला होता, पण डोळे लकाकले. रेडिओ उघडताना जसे लकाकायचे, तसे. "वनाभाऊ, बोलून झालं की मशीनची फोनची वायरच काढा. पार काढा. पाच मिनिटांनी मी परत विचारते."

पाच मिनिटं दोघी पडद्याकडे बघत बसल्या. वैजूने कळ दाबली.

साक्री: शे.

"वनाभाऊ भलतीच वायर काढून बसले असतील," मंदाताई म्हणाल्या.

"थांब." वैजू पुन्हा टेबलाखाली शिरली. कॉम्प्युटरचं बोलणं फोनच्या तारेवर चढवणारा डबा, मोडेम, तिथे होता. तिने त्याची तारच भिंतीतून उपटली. आता धुळ्याचा साक्रीशीच काय, शेजारच्या खोलीशीही संबंध उरला नाही. तिने खालूनच ओरडून सांगितलं, "आई, एंटर दाब! मोठी कळ!"

मंदाताईंनी बोटाने नाही, अंगठ्याने दाबली.

साक्री: शे. पिंपळनेर: शे. शिरपूर: शे. पाचही गावं हिरवी.

"तारच नाही आणि पाचही गावं बोलताहेत!" वैजू इतक्या जोरात उठली की डोकं पुन्हा आपटलं. "आई, हे बोलतंय कोण?"

मंदाताईंना मात्र एकदम झुंबरबाई आठवल्या. त्यांच्या सासूबाई. कान गेले होते, पण कबूल करायच्या नाहीत. कुणी काही विचारलं की प्रश्नातलाच शब्द उचलून ठणकावून परत द्यायच्या. भाकरी शे का? शे. दूध शे का? शे. एकदा जीवरामभाऊंनी गमतीने विचारलं, "माय, घरमा वाघ शे का?" म्हातारी म्हणाली, "शे, शे."

"वैजू, तुझी आजी बसलीय त्या डब्यात," मंदाताई म्हणाल्या.

"काय?"

"अगं, तू विचारतेस 'शे का'. त्यातच 'शे' आहे! कुणी उत्तर देतच नाहीये. तुझाच प्रश्न तुला परत येतोय."

वैजूने नोंदींचा कागद परत डोळ्यांपुढे धरला. मग तिने कपाळावर हात मारला, तोही नेमका टेंगळावर. "मोडेम! होळीच्या आधी व्होल्टेजने जुना जळाला, आम्ही नवा बसवला. फोन लागला नसेल तर नवा डबा त्याला सांगितलेलं तसंच्या तसं परत म्हणतो! जुना गप्प बसायचा. आणि माझा प्रोग्रॅम फोन लागला का ते बघतच नाही, नुसता 'शे' शोधतो. दीड महिना, फोन लागला नाही की हा पहारेकरी स्वतःशीच बोलतोय!"

ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मंदाताईही हसल्या. मग भरीत-भाकरी टेबलावरच उघडली आणि वैजू एका हाताने खात, एका हाताने टाइप करत बसली.

"मोडेमला एक आज्ञा दिली की तो परत म्हणणं थांबवेल," ती घास गिळत म्हणाली. "पण उद्या तिसरा डबा आला तर?"

"मग प्रश्नच असा विचार, की त्याचं उत्तर प्रश्नात सापडणार नाही."

वैजूने आईकडे पाहिलं. मग 'शे का' पुसलं आणि लिहिलं: टाकी किती? आता केंद्राला टाकीचं तापमान आणि आपल्या घड्याळातली वेळ सांगावी लागणार होती. तेवढं आलं नाही, तर लाल. प्रश्न लावतानाच तिने फोन लागला का, तेही बघायची सोय केली.

भिंतीतली तार पुन्हा जोडली तेव्हा दुपार झाली होती. शिरपूर: चार अंश, हिरवं. पिंपळनेर: पाच अंश, हिरवं. चारही गावं आकडे देऊन मोकळी झाली. मग साक्रीची पाळी. मोडेमने किरकिर केली, वाट पाहिली, पुन्हा किरकिर केली.

साक्रीपुढे लाल दिवा लागला.

"लाल!" वैजू किंचाळली. "आई, लाल! लाल लागला!" तिने मंदाताईंना खुर्चीसकट फिरवलं. बाहेरचे दोन क्लार्क धावत आले, त्यांच्यामागे व्यवस्थापक छगनराव.

"लाल लागला म्हणून नाचतात होय?" छगनराव म्हणाले. "अजून काही नासलं का?"

"साहेब, दीड महिन्यात पहिल्यांदा हा खरं बोलला!"

तिने त्यांना सगळं सांगितलं. चूक माझीच, हेही सांगितलं. छगनराव टेबलाखाली वाकून मोडेम बघून आले. मग म्हणाले, "तार काढून दाखव." तिने दाखवलं. पाचही गावं लाल. "लाव." लावली. चार हिरवी. त्यांनी तीनदा हेच करायला लावलं, तिसऱ्या वेळी तार स्वतः उपटली, आणि त्यांच्याही चेहऱ्यावर हसू फुटलं. "सोमवारी संचालकांपुढे असंच कर. आणि दर सोमवारी एक तार मुद्दाम काढून बघत जा, पहारेकरी जागा आहे का ते. साक्रीला आजच माणूस पाठवतो. पहारेकरी राहू दे. तूही राहा."

संध्याकाळच्या गाडीत मंदाताईंना खिडकी मिळाली. पारोळ्यापर्यंत त्या एकट्याच हसत होत्या. शेजारच्या बाईने दोनदा वळून पाहिलं. पारोळं सुटलं तसं हसू ओसरलं. वैजूच्या मनगटावर घड्याळ सैल फिरत होतं, ते आठवलं. भाकरी तिने कशी खाल्ली, तेही. दोन दिवसांच्या उपाशी माणसासारखी.

शुक्रवारी सकाळी दूध नासलं. शुक्रवारी साडेसातला त्यांनी विचारलं होतं, बरी शे ना? आणि पलीकडून आलं होतं, बरी शे.

अख्खा दीड महिना पहारेकरी जे करत होता, तेच त्या वर्षभर करत होत्या. उत्तर प्रश्नातच घालून पाठवायच्या, आणि ते परत आलं की दिवा हिरवा करून झोपायच्या.

एरंडोलला गाडी बदलायची होती. स्टँडसमोर पिवळ्या पाटीचा एस. टी. डी. बूथ उघडा होता. धरणगावची गाडी लागलेलीच होती, आणि साडेसातला अजून अवकाश होता. मंदाताईंनी गाडीकडे पाहिलं, पिशवी खांद्यावर सरकवली आणि बूथकडे वळल्या. आज बरी शे ना, असं विचारायचं नाही. विचारायचं: आज मी येण्याआधी शेवटचं जेवलीस ते कधी, आणि काय?