चाकातला सूर

शिंदखेड्याच्या बसस्थानकामागे धनसिंगचं सायकलचं दुकान आहे. चाक वाकडं झालं की मात्र लोक त्याच्या बायकोला, सुलक्षणाला शोधतात. सुलक्षणाचे हात कधी गप्प नसतात. पंक्चरचं सोल्युशन सुकेपर्यंत एकच चाललेलं असतं: पाय दोनदा आपटतो, तेवढ्याच वेळात बोटं डब्यावर तीनदा वाजतात. ठोके एकत्र निघतात, पांगतात, पुन्हा भेटतात. हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

तिला येत नव्हतं ते गाणं. श्रावणात घरात कानबाई देवी बसते आणि सोमवारी सकाळी विसर्जनाला नदीकडे निघते. तेव्हा उंबऱ्यावर देवीच्या गाण्याची पहिली ओळ घरच्या बाईनं उचलायची, ही या घराची रीत. सासू शेवंताबाई ती उचलायची, तेव्हा गल्ली थांबायची. पण आजारपणात तिचा आवाज गेला, घोगरी कुजबुज तेवढी उरली. यंदा ओळ सुलक्षणाकडे आली.

"वहिनी, तुमचा सूर म्हणजे पंक्चर ट्यूब," सणाला आलेली नणंद डिंपल म्हणाली. "भरला की सुटला."

"मग तू उचल ओळ."

"मी माहेरवाशीण. मी नुसती नावं ठेवणार. ते तुमचं दोन-तीनचं तेवढं शिकवा."

डिंपलचा हात काही केल्या पायाच्या ठेक्यापासून सुटेना. शेवटी सुलक्षणानं एक सायकल उलटी ठेवली. मागच्या चाकाच्या कडेला दर दुसऱ्या स्पोकवर तारेची गाठ मारली, मधल्या बाजूला दर तिसऱ्यावर. दोन्ही गाठींना लागतील अशा प्लास्टिकच्या पट्ट्या फ्रेमला बांधल्या आणि हातानं पॅडल फिरवलं. टक-टक. तेच तीन, तेच दोन.

"अगं बाई, हे तर तुम्हीच!" डिंपल हसली.

तिला चिडवायला सुलक्षणानं पॅडल जोरात फिरवलं. ठोके दाटले, वेगळे ऐकू येईनासे झाले, आणि चाकातून दोन सूर उठले. एक खाली, एक वर, एकमेकांना धरून.

ओट्यावर बसलेली शेवंताबाई ताठ झाली. "आखो फिराव, माय!" ती कुजबुजली. "हाई दोन्ही सूर मन्हाच शेतस." तिची ओळ याच दोन सुरांवर उभी असायची, फक्त वरच्या पट्टीत.

सुलक्षणानं पुन्हा फिरवलं, मग वेग कमी केला. सूर विरघळला, तीन-दोन उरले. वाढवला, पुन्हा सूर. आयुष्यभर हातापायांत वागवलेली गोष्टच घाईत गेली की तिचाच सूर होतो, हे सुलक्षणाला पटेना आणि कानांना नाकारता येईना.

सोमवारी कानबाई डोक्यावर घेऊन धनसिंग उंबऱ्याशी थांबला. बायका सुलक्षणाकडे बघत होत्या. तिनं डोळे मिटले. पाय दोन, तळहात तीन. मग हात थांबवून तिनं मनातलं चाक फिरवलं, ठोके दाटेपर्यंत, आणि ओळ उचलली.

आवाज जरा हलला, मग स्थिरावला. पण शेवंताबाईच्या वरच्या पट्टीत नाही, खूप खाली, जिथं चाकाचा खालचा सूर वाजला होता तिथं. बायका गोंधळल्या, मग एकेक करून त्याच खालच्या पट्टीत उतरल्या. डिंपलही उतरली.

तेव्हा मागून एक घोगरा आवाज त्यात मिसळला. वरचे सूर शेवंताबाईला कायमचे बंद झाले होते. एवढ्या खाली मात्र तिचा गळा पोचत होता. सुलक्षणानं वळून पाहिलं नाही. सूर सुटेल म्हणून ती तशीच गात राहिली, आणि सासू तिच्या मागे.