फळ्यांवरचं काँक्रीट

उलव्यातल्या आमच्या घराच्या गेटसमोर काँक्रीट टाकायचं, तर त्यालाही परवानगी! चिडत चिडत कचेरीत खेटे घातले. शिक्का मिळाला, जागा बघायला मात्र कुणी आलं नाही.

काँक्रीट झाल्यापासून एक म्हातारा रोज तिथून जायचा. गेटसमोर आला की चपला काढायचा, मधला भाग टाळून जायचा आणि वाकून जमिनीला हात लावायचा.

एका सकाळी आईला गाडीत बसवून मी घराला कुलूप लावत होतो. तो दिसला, तसं विचारलंच, "बाबा, इथे देऊळ होतं का?"

"आमची विहीर हाय खाली. जमीन सरकारात गेली तवा फळ्या टाकून वर माती लोटली."

"पण बुजवली असेल ना?"

"नाय. देवाचं पाणी कोन बुजवील?"

काँक्रीटच्या बरोबर मधोमध उभ्या गाडीतून आई मला हाका मारत होती.