चेसी चांगली घ्या, पाव्हनं

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू पूर्ण अशी विकत घेतली नाही. पैसे बुडवले असा याचा अर्थ नव्हे. पैशाच्या बाबतीत दाजी चोख. पण जी वस्तू आज जेवढी आहे तेवढीच उद्याही राहणार, तिच्यात त्यांचा जीव रमत नसे. "पुढं वाढवता आलं पायजे," हा त्यांचा मंत्र. केडगावला दोन खोल्या बांधल्या तेव्हा वरच्या मजल्यासाठी स्लॅबच्या चारी कोपऱ्यांतून लोखंडी गज सोडून ठेवले. मजला काही चढला नाही. आमच्या अक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, त्या गजांना दोऱ्या बांधून गोधड्या वाळत घालायला सुरुवात केली. तरी कोणी विचारलं की दाजी गंभीरपणे सांगत, "वरचं काम चालू हाय." पँट शिवायला टाकली की शिंप्याला कंबरेत चार बोटं जास्तीचं कापड दुमडून ठेवायला लावत, आणि दाजींची प्रकृती तर अशी की वारा सुटला की आम्हाला काळजी वाटावी. टीव्ही घेतला चौदा इंची, पण त्याचं कपाट सुताराकडून करून घेतलं ते पुढे येणाऱ्या मोठ्या टीव्हीच्या मापाचं. त्यामुळे बातम्या देणारी बाई विहिरीच्या तळातून बोलत्येय असं वाटायचं.

दाजी एसटीत कंडक्टर, नेहमी सोनईच्या गाडीवर. नोकरी त्यांच्या अंगात इतकी मुरलेली की एक घंटी म्हणजे थांबायचं आणि दोन म्हणजे निघायचं, हा नियम ते घरीदारीही पाळत. माझ्या स्कूटरवर मागे बसले की आधी नीट सावरून बसायचं, मग मागच्या स्टेपनीवर दोन टिचक्या मारायच्या, आणि त्यानंतरच मी गिअर टाकायचा. एकदा माळीवाड्यात मी घाईत तसाच निघालो आणि बरंच पुढे गेल्यावर लक्षात आलं की गाडी हलकी लागतेय. वळून आलो तर दाजी होते तिथेच पिशवी घेऊन उभे. "म्या डबल दिली न्हाई, तुमी निघालाच कसं?" असं म्हणून त्यांनी मला भर रस्त्यात असं काही झापलं की पानवाल्यानेसुद्धा माझ्याकडे गुन्हेगारासारखं पाहिलं.

आणखीही तऱ्हा होत्या. तिकिटांच्या पेटीला ते कोणाला हात लावू देत नसत; कुठल्या खणात कुठलं तिकीट हे त्यांचं ठरलेलं, आणि कोणी चुकून गड्ड्या इकडच्या तिकडे केल्या तर दिवसभर घुश्शात. बाजारात टमाटे घ्यायला गेले की एकेक टमाटा दाबून बघत. भाजीवाली वैतागून म्हणे, "मास्तर, टमाटे हायेत ते, पोरांचे गाल न्हाईत!" एका दिवाळीला त्यांनी अक्काला डाळिंबी म्हणून साडी आणली ती चक्क हिरवीगार. आम्ही सगळे हसायला लागलो तर अक्काच आमच्यावर उखडली. "उजेडात बघा जरा, डाळिंबीच हाय," म्हणाली, आणि ती साडी तिने झिजेपर्यंत नेसली. नवरा-बायकोची काहीतरी चेष्टा असेल म्हणून मी सोडून दिलं.

सुट्टीच्या दिवशी कुठे जायचं झालं तर दाजी बसमध्ये ड्रायव्हरच्या शेजारची जागा धरत आणि साऱ्या वाटेत त्याच्या पायांकडे बघत बसत. क्लच दाबला की यांचाही पाय दबे. "दाजी, तुम्ही ड्रायव्हरच का नाही झालात?" मी एकदा विचारलं होतं. "ड्रायव्हरला गाडी कळती, कंडक्टरला मानसं कळत्यात," असं मोठं सुभाषित ऐकवून त्यांनी विषय संपवला.

मी तेव्हा एका कॉलेजच्या कचेरीत कारकून होतो. आमच्याकडे नुकताच कॉम्प्युटर आला होता. त्याची वेगळी खोली, त्याला प्लॅस्टिकचा झगा, आणि आत जाताना चपला बाहेर काढायच्या. दाजी एकदा मला भेटायला दुपारच्या सुट्टीत आले. ऑपरेटर आत मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळत होता. दाजींनी चपला काढल्या, आत गेले, आणि अनवाणी उभे राहून बघत राहिले. पडद्यावरची गाडी डावीकडे वळली की दाजी डावीकडे कलत, उजवीकडे वळली की उजवीकडे. सुट्टी संपली, गेम बंद झाला. बाहेर आल्यावर त्यांनी चपला घालता घालता मला हळूच विचारलं, "पाव्हनं, हे चालवायला लायसन लागतं का?"

मी हसलो. दाजी हसले नाहीत.

थोड्याच दिवसांत त्यांच्या पगाराचा फरक मिळाला. हा फरक वरच्या मजल्यासाठी राखलेला होता, हे सगळ्या केडगावाला ठाऊक होतं. दाजींनी जाहीर केलं की मजला थांबेल, आपण गाडीवाला कॉम्प्युटर घेणार. मला वाटलं, आता अक्का घर डोक्यावर घेणार. पण ती भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "घिऊ द्या त्येंना. फकस्त फरकाच्या वर रुपया जायचा न्हाई." आणि निवडीची जबाबदारी माझ्यावर आली. का, तर मी त्या खोलीत चपला काढून जात असे. माझी पात्रता तेवढीच होती, पण ती घरात कोणाला माहीत नव्हती आणि मीही ती कळू दिली नाही.

यानंतर जो काही गोंधळ माजला, तो आठवला की आजही माझं डोकं गरगरतं. जो भेटे तो वेगळं सांगे. कोणी म्हणे कंपनीचाच घ्या, कोणी म्हणे सुटे भाग जोडून घ्या. कोणी म्हणे फोर-एटी-सिक्स पुष्कळ झाला, कोणी म्हणे पेंटियमखाली बोलूच नका. पुण्याला असलेला आमचा चुलतभाऊ सांगे, "आत्ता घेऊ नका, नवीन येतोय." आम्ही थांबलो. नवीन आला. मग तो म्हणाला, "आता थोडं थांबा, याची किंमत उतरेल." दाजींनी यावर बराच विचार केला आणि मला विचारलं, "पाव्हनं, मंग ज्येंच्याकडं हाय त्येंनी तो घेतला कवा?"

शेवटी आम्ही शेखभाईंच्या दुकानात जाऊन बसायला लागलो. शेखभाई पूर्वी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे, आता कॉम्प्युटर जोडून देऊ लागले होते. माणूस सज्जन, समजावून सांगण्याची हौस दांडगी. मदरबोर्ड, प्रोसेसर, हार्ड डिस्क, रॅम असं ते एकेक समोर मांडून सांगत. मी मान हलवत असे, पण डोक्यात काही शिरत नसे. दाजींच्या डोक्यात मात्र सगळं शिरलं, फक्त एसटी होऊन शिरलं. प्रोसेसर म्हणजे इंजिन. हार्ड डिस्क म्हणजे टपावरचं सामान. आणि मदरबोर्ड म्हणजे चेसी! एसटीची चेसी, म्हणजे चाकांवरचा नुसता सांगाडा, आधी येतो आणि बॉडी मागाहून चढवतात, हे दाजींनी आयुष्यभर पाहिलेलं. "चेसी चांगली घ्या, पाव्हनं. बॉडी कवाबी बांधता येती," ते मला बजावत. पुढे पेंटियमचं इंजिन बसवता येईल आणि रिकाम्या खाचा भरपूर असतील, असाच बोर्ड त्यांना हवा होता. खाचा मोजताना त्यांच्या चेहऱ्यावर गच्चीतले गज मोजल्याचं समाधान दिसे.

घोडं अडलं ते रॅमपाशी. ती भारी चेसी घेतली, सगळ्यात स्वस्त रंगीत मॉनिटर लावला, तरी उरलेल्या पैशांत चारच एमबी रॅम बसत होती. गाडीच्या गेमला आठ लागणार होती.

"रॅम म्हंजी शिटाच ना?" दाजींनी विचारलं.

"तसंच समजा, मास्तर."

"मंग चार शिटा भरल्या, तर बाकीचे चार उभे ऱ्हातील की."

"मास्तर," शेखभाई कळवळून म्हणाले, "यात स्टँडिंग घेत न्हाईत."

दाजी खचलेच. साधा बोर्ड घेतला असता तर आठ एमबी बसत होती, पण मग तो पुढे वाढत नव्हता. आणि न वाढणारी वस्तू घरात आणायची म्हणजे दाजींच्या हयातभराच्या धर्माला बट्टा. मी म्हटलं, माझ्याकडून थोडे घ्या. तर म्हणाले, "तुमच्या अक्काला सबूद दिलाय." चहा झाला, पुन्हा चहा झाला. शेखभाई एकदा या बोर्डाकडे बघत, एकदा त्या. मी दोन्हीकडे बघत होतो, कारण मला त्यांतला फरकच कळत नव्हता. दाजी उठून दारात गेले आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांकडे बघत पाठमोरे उभे राहिले. मग परत येऊन खुर्चीत बसले आणि खाली बघत म्हणाले, "शेखभाई, रंगीत पडदा काढा. काळा-पांढरा लावा. तेवढ्यात शिटा बसतील का?"

"बसतील की. पन मास्तर, गेमची मजा जाईल. हिरवी झाडं, लाल गाड्या..."

"मला दोनी एकच दिसत्यात," दाजी म्हणाले.

शेखभाईंनी हातातला बोर्ड खाली ठेवला. दाजीच मग सांगू लागले. ऐन उमेदीत ते ड्रायव्हरच्या भरतीला गेले होते. गाडी अशी चालवून दाखवली की परीक्षा घेणाऱ्याने पाठ थोपटली. मग डोळ्यांची तपासणी झाली. "रंगीत ठिपक्यांचं पान दावलं. म्हनले, ह्यात आकडा लिव्हलाय, वाच. मला नुस्ते ठिपके. दुसरं पान दावलं, तिसरं दावलं. ठिपकेच. मंग म्हनले, कंडक्टर हो." ते हसायचा प्रयत्न करत होते. "निम्मे रंग तसंबी वायाच जायचे माझे. त्येचे पैसे कशापायी देयाचे?"

मला एकदम तिकिटांची पेटी आठवली, टमाटे आठवले, ती डाळिंबी साडी आठवली. इतकी वर्षं ज्यांवर आम्ही पोट धरून हसलो, त्यातली एकही गोष्ट आता हसण्यासारखी राहिली नाही. ज्या डोळ्यांनी या माणसाला ड्रायव्हरच्या सीटवरून उतरवलं होतं, त्याच डोळ्यांच्या भरवशावर तो आता तिथे चढायला निघाला होता. शेखभाईंनी रंगीत मॉनिटर फळीवर परत ठेवला.

टेम्पोतून खोकी आणताना दाजी मला म्हणाले, "घरी बोलू नका. तिला वाईट वाटंल."

दुपारी शेखभाईंनी येऊन सगळं जोडून दिलं. काळा-पांढरा पडदा अक्काच्या नजरेस पडायच्या आत मी स्वयंपाकघरात जाऊन तिला सांगायला लागलो, की रंगीत मॉनिटर संपले होते, पुढच्या महिन्यात येणार आहेत, वगैरे. अक्का पातेल्यावर झाकण ठेवत म्हणाली, "कशाला खोटं बोलतोस? लगीन झालं त्या उन्हाळ्यात मिरच्या वाळत घातल्या हुत्या. ह्येंना म्हनलं, लाल लाल तेवढ्या वेचून आना. मुठीत निम्म्या हिरव्या. पुन्यांदा धाडलं न्हाई मी त्येंना."

"मग कधी बोलली कशी नाहीस?"

"त्ये सांगत न्हाईत, म्हंजी त्येंना सांगायचं नसंल," अक्का म्हणाली. "साडी काय, झाकते ना अंग? झालं."

बाहेर गेम सुरू झाला होता. दाजी खुर्चीत ताठ बसले होते, ड्यूटीचा खाकी शर्ट घालून. पडद्यावर त्यांची करडी गाडी रेषेवर उभी होती. शिट्टी झाली, बाकीच्या गाड्या धुरळा उडवत निघूनही गेल्या. दाजींचं बोट बटणावर होतं, पण ते दाबत नव्हते. "दाजी, दाबा की," मी म्हटलं. "मास्तर, सोडा गाडी," शेखभाई म्हणाले. दाजी गोंधळून आमच्याकडे बघत राहिले. आपलं कुठे अडलंय हे त्यांनाही कळत नसावं.

स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. टण् टण्. अक्का हातात उलथणं घेऊन उभी होती, आणि तिने झाकणावर डबल दिली होती.

गाडी निघाली. साऱ्या शर्यतभर दाजींनी डावी बाजू सोडली नाही. वळण आलं की खुर्चीसकट कलत होते, आणि हॉर्न कुठे आहे ते शेखभाईंना विचारत होते. सगळ्यात शेवटी पोचले. उतरल्यासारखे खुर्चीतून उठले आणि खिशातल्या रुमालाने त्यांनी आधी चष्मा पुसला, मग डोळे.

पुढे पुष्कळ दुपारी ती गाडी धावली. अक्का शेजारी स्टुलावर लसूण सोलत बसायची आणि निघायची वेळ झाली की झाकण वाजवायची. चेसीच्या खाचा मात्र रिकाम्याच राहिल्या. रंगीत मॉनिटरचं तर दाजींनी नावही काढलं नाही. इंजिन बदलायचे पैसे साठले तेव्हा शेखभाईंनी सांगितलं की त्या बोर्डावर बसणारं इंजिन आता बाजारात मिळत नाही. दाजींना ते पटलं नाही. "चेसी चांगली हाय, मिळंल कुठंतरी," असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले.

दाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. केडगावच्या घरावरचे गज तसेच आहेत, गंजलेले, आणि त्यांवर अक्काच्या गोधड्या. तिला भेटून निघताना मी स्कूटर चालू करतो आणि उगाच थांबतो. मागची सीट रिकामी असते. मला त्या माणसाची फार आठवण येते. अक्का फाटकापर्यंत येते आणि फाटकाची कडी दोनदा वाजवते. मग मी निघतो.