नानांच्या खांद्यावरची गाठ

माझे काका, आमचे नाना, सोनगीरला राहतात. त्यांच्या खांद्यावर चरबीची गाठ होती. ती बोराएवढी होती तेव्हापासून ते म्हणत आले, "राहू दे, काय करस ती?" पुढे ती लिंबाएवढी झाली, आणि एका लग्नात व्याह्यांनी चारचौघांत तिची विचारपूस केली. तेव्हा कुठे नाना काकूंना घेऊन धुळ्याला माझ्याकडे आले.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी गाठ चेपून पाहिली. "साधीच आहे. तेवढा भाग बधिर करून काढू."

"म्हंजे मी जागा राहसू?" नाना हबकले.

"जागेच. दुखल्याची बातमी नसेतून मेंदूकडे जाते. हे औषध ती वाटेतच अडवतं. हात लावलेला कळेल, ओढलेलं कळेल. दुखणार नाही."

ऑपरेशनच्या वेळी नाना एकटे घाबरतील म्हणून मी आत थांबलो. सुई टोचून औषध शिरू लागलं तसे नाना कळवळले, "चरचरस ना बाई!" बाई जरा थांबल्या, मग चिमटा लावून विचारलं, "दुखतंय?"

"हात लागी राह्यना, ते कळस. दुखस नई." नानांना स्वतःलाच खरं वाटेना.

पुढे ते पालथे पडून सिस्टरला कापसाची बोंडअळी समजावत राहिले. मी मात्र नको तेव्हा तिकडे पाहिलं. पिवळी गाठ कातडीतून बाहेर डोकावत होती. त्यानंतरचं मला आठवतं ते थेट छत. मी फरशीवर, आणि सिस्टरच्या हातात माझे पाय.

"आजोबा, तुम्ही हलू नका," बाई ओरडत होत्या.

"मी नई हलत," नाना म्हणाले, "पन त्या सुईमधलं थोडं याले बी टोचा."

टाके घालून झाले. रिक्षापर्यंत मला दंडाला धरून नानांनीच नेलं.

संध्याकाळी बधिरपणा उतरला. नाना खांदा सावरत सारखी कूस बदलू लागले.

"दुखस का?" काकूंनी विचारलं.

"छे!" थोड्या वेळाने म्हणाले, "पन डॉक्टरनी गोळी देल शे, ती वाया कशाले घालवानी?"

काकूंनी हसू दाबत पाणी आणलं.

गाठ तपासणीत साधीच निघाली. टाके निघाले, खांदा सपाट झाला. सोनगीरला मात्र अजून कुणी भेटलं, की नानांच्या खांद्याआधी माझीच तब्येत विचारतं.