समोरच्या बाजूच्या कुसुमअक्का

कोर्टात आरोपीला आणलं की कुसुमअक्का उठून उभ्या राहत आणि न्यायाधीश, पोलीस, मी, कुणाकडेही न बघता त्याला खान्देशी बोलीत विचारत, “जेवना का, भो?”

खुनाचा आरोप असो, पाकीटमारीचा असो, नाहीतर देशाविरुद्ध कट केल्याचा असो, पहिला प्रश्न हाच. उत्तर मिळाल्याशिवाय त्या खाली बसत नसत. विदर्भातून नव्याने बदलून आलेल्या एका न्यायाधीशांनी एकदा त्रासून विचारलं, “बाई, हे काय चाललंय?” अक्का शांतपणे म्हणाल्या, “साहेब, जेवलास का म्हणून विचारतेय. उपाशी माणूस काहीही कबूल करतो. मग तुमचा-माझा दोघांचाही वेळ जातो.” साहेबांनी आरोपीकडे बघितलं आणि शिपायाला सांगून कँटीनमधून वडापाव मागवला. तो आरोपी खाऊन होईपर्यंत मी सरकारी वकिलाच्या टेबलाशी उगाचच कागद चाळत बसलो.

धुळ्याच्या कोर्टात माझी निम्मी हयात अक्कांकडून हरण्यात गेली. हे मी रडत सांगत नाही, मिरवत सांगतो. ज्यांना अक्का समोर उभ्या राहिलेल्या मिळाल्या नाहीत, ते सरकारी वकील कसले?

ॲडव्होकेट कुसुम बैसाणे हे नाव फक्त वकीलपत्रावर. बाकी साऱ्या कोर्टाला त्या अक्का. वडील अमळनेरला तेलाच्या गिरणीत हमाल होते; तिथल्याच कॉलेजात शिकून, पुढे वकील होऊन अक्का धुळ्याला आल्या आणि कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली त्यांनी टेबल टाकलं. ते टेबल पुढे चाळीस खोल्यांची इमारत बांधली तरी हललं नाही. बुटक्या, अंगाने भरलेल्या, काळ्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी “जय भीम”, मग कामाचं. मला त्या सगळ्यांसारखं नानाच म्हणत, पण कोर्टात उभ्या राहिल्या की “माझे विद्वान मित्र” असं इतक्या गोड आवाजात म्हणत की ते ऐकूनच मला घाम फुटायचा. त्यानंतर काय येणार ते मला ठाऊक असे.

त्यांची दुसरी एक खोड होती. कोठडीतल्या माणसाला कोर्टासमोर उभं केलं की न्यायाधीश विचारतात, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?” कायद्यानेच ते विचारायचं असतं. पण विचारलं जातं तेव्हा दोन पोलीस त्याचे दंड धरून उभे असतात. त्यामुळे उत्तरही ठरलेलं असतं. “नाही साहेब.” हे मी हजारदा ऐकलं असेल आणि मला त्यात कधी काही खटकलं नव्हतं. अक्कांना खटकलं. त्या म्हणत, “साहेब, पोलिसांना व्हरांड्यात जाऊ द्या, आणि मग त्याच्या बोलीत विचारा.” सुरुवातीला सगळे चिडले. पुढे पुढे असं झालं की अक्का दारातून आत आल्या की हवालदार आपणहून बाहेर जाऊन तंबाखू मळायला लागत. कोर्टाच्या कुठल्याही नियमावलीत नसलेली ही रीत धुळ्यात एका बाईने पाडली.

हनीफचं प्रकरण आलं तेव्हा मात्र या सगळ्याचा कस लागला. हनीफ हा पिंपळनेरचा वेल्डर. पंचविशीतला, हसरा, नांगराच्या फाळापासून देवळाच्या कठड्यापर्यंत सगळं जोडून देणारा. बाहेरून आलेल्या एका तपास पथकाने त्याला दुकानातून उचललं. दुकानात कार्बाइड सापडलं, प्लास्टिकच्या जाड नळ्या सापडल्या, आणि मोबाइलमध्ये एक व्हिडिओ सापडला. त्यात हनीफ नळी खांद्यावर धरून ती कशी उडवायची ते दाखवतोय आणि धाडकन मोठा आवाज होतोय. पथकाने लिहिलं, स्फोटकं, नळकांडी आणि प्रशिक्षण. दहशतवादविरोधी कायदा लागला. संध्याकाळी टीव्हीवर त्याच्या चेहऱ्याभोवती गोल काढून तो दाखवला गेला, आणि दुसऱ्या दिवशी वकिलांच्या खोलीत हात वर करून ठरलं की याचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही.

हनीफची आई व्हरांड्यात बसून होती. येणाऱ्या प्रत्येक काळ्या कोटाकडे बघत होती आणि प्रत्येक काळा कोट दुसरीकडे बघत होता. अक्का लिंबाखालून उठल्या, तिच्यापुढे जाऊन उकिडव्या बसल्या. “कोनीच नही का तुमनं?” म्हातारीने मान हलवली. “मंग मी शे ना,” मी आहे ना, असं अक्का म्हणाल्या आणि तिथेच तिच्या गुडघ्यावर वकीलपत्र ठेवून अंगठा घेतला.

वकिलांच्या खोलीत मग जे काही झालं ते लिहिण्यासारखं नाही. कुणी त्यांना देशद्रोही म्हटलं, कुणी त्यांच्या टेबलाचे पाय मोडले. अक्कांनी पाय सुताराकडे दिले आणि चार दिवस उभ्यानेच काम केलं. मी समजवायला गेलो. म्हटलं, “अक्का, हा खरंच बाँबवाला निघाला तर?” त्या म्हणाल्या, “नाना, ते ठरवायला कोर्ट आहे. तुमी आत्ताच ठरवून टाकलं तर मग मला आणि साहेबांना घरी जाऊ द्या की.”

खरा धोका कोठडीत होता. हनीफ न्यायाधीशांसमोर कबुलीजबाब द्यायला तयार आहे, असं पथकाने कळवलं. पोलिसांसमोर दिलेल्या कबुलीला कायद्यात किंमत नाही, पण न्यायाधीशांसमोर दिलेली कबुली म्हणजे गळ्यातला फास. ती एकदा नोंदवली गेली असती तर हनीफची पुढची वीस वर्षं गेलीच होती. अक्कांनी अर्ज केला, आरोपीला वकील भेटला पाहिजे. मी विरोध केला, तो माझ्या नोकरीचा भाग होता. कोर्टाने भेटीला परवानगी दिली. पोलिसांनी दिसेल इतक्या अंतरावर उभं राहायचं, ऐकू येईल इतक्या नाही.

त्या भेटीत काय बोलणं झालं हे मला पुढे हनीफनेच सांगितलं. अक्कांनी जेवणाचं विचारलं. पाठ दाखव म्हणाल्या, ती बघितली. मग म्हणाल्या, “हनीफ, आते बठ्ठं तुना हातमाईन गयं. पन तोंड उघाडानं का मिटानं, हाई आखो तुना हातमा शे. साहेब इचारी, तवय जे खरं शे तेच सांग. सांगानं नही व्हई ते नही म्हन.” सगळं हातातून गेलं, तरी तोंड उघडायचं की मिटायचं हे अजून त्याच्याच हातात होतं.

कबुलीच्या दिवशी न्यायाधीशांनी हनीफला दालनात घेतलं आणि दार लावलं. बाहेर व्हरांड्यात आम्ही सगळे. पथकाचे अधिकारी निवांत होते; त्यांच्या बगलेत फाइल होती. अक्का खांबाला टेकून शेंगदाणे खात होत्या, मला पण दिले. मला तेव्हा त्यांचा राग आला होता; मी ते शेंगदाणे तसेच कोटाच्या खिशात टाकले.

दार फार लवकर उघडलं. साहेबांनी आम्हाला आत बोलावून सांगितलं, “त्याला जबाब द्यायचा नाही. त्याच्या पाठीवर वळ आहेत, ते मी नोंदवून घेतले आहेत.” अधिकाऱ्यांचा चेहरा उतरला, पण त्यांनी लगेच फाइल उघडून पोलीस कोठडी वाढवून मिळण्याचा अर्ज पुढे केला. म्हणजे हनीफ पुन्हा त्यांच्याच ताब्यात. आणि पुन्हा तिथे गेल्यावर त्याने काय कबूल केलं नसतं!

तेव्हा अक्का त्यांच्या त्या गोड आवाजात म्हणाल्या, “माझ्या विद्वान मित्रांना ठाऊकच असेल, साहेब. जो आरोपी न्यायाधीशांसमोर येऊन कबुली द्यायची नाही म्हणतो, त्याला पुन्हा पोलीस कोठडीत पाठवता येत नाही.” मला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. कॉलेजात पाठ केलेलं ते कलम मी माझ्या सबंध नोकरीत कुणाला वापरताना बघितलं नव्हतं, कारण “नाही” म्हणण्याची हिंमत झालेला आरोपीच मला भेटला नव्हता. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, “कायदा तसाच आहे.” पोलिसांच्या हातातून सुटून हनीफ तुरुंगात गेला, आणि खान्देशात एखादा माणूस तुरुंगात गेला म्हणून त्याची आई आनंदाने रडली असं मी पहिल्यांदाच बघितलं.

उरलं ते नळ्यांचं कोडं. ते पिंपळनेरच्या बाजूचा कुणीही शेतकरी चुटकीसरशी सोडवू शकत होता. त्या नळ्या मक्याच्या शेतातून रानडुकरं पळवायच्या. कार्बाइडचा नुसता आवाज होतो, डुकरं धूम ठोकतात. हनीफने अर्ध्या तालुक्याला त्या बनवून दिल्या होत्या, आणि नीट धरली नाही तर डोळ्याला इजा होते म्हणून तो व्हिडिओ काढून पाठवला होता. पण त्याला उचलल्याची बातमी लागताच गावोगावच्या लोकांनी एका रात्रीत आपापल्या नळ्या विहिरीत, नाल्यात, उकिरड्यात टाकून दिल्या. मोबाइलमधले व्हिडिओ पुसले. पोलीस विचारायला गेले तर सगळे म्हणाले, नळी? कसली नळी? भीतीपोटी त्यांनी हनीफला जगातला एकमेव नळीवाला करून टाकलं.

अक्का आठवडा बाजाराच्या दिवशी एसटीने तिकडे जायला लागल्या. कायदा समजावला नाही की हात जोडले नाहीत. चहाच्या टपरीवर बसून चिडवायच्या. “डुकरे मका खाई राह्यनात, आन तुमन्या नळ्या कथा गयात?” लोक हसायचे आणि पांगायचे. असे कितीतरी बाजार गेले. शेवटी एक दगडूआबा म्हणून म्हातारे शेतकरी उठले आणि विहिरीत गळ टाकून बसले. आबांनी आपली नळी वर काढली हे कळल्यावर बाकीच्यांना लाज वाटली असावी.

अक्कांनी कोर्टाकडून आदेश मिळवला, या शेतकऱ्यांचे जबाब घ्या. त्या दिवशी कोर्टाच्या फाटकाशी दोन ट्रॅक्टर येऊन थांबले आणि त्यातून नळ्या घेतलेली माणसं उतरली तेव्हा फाटकावरच्या पोलिसांची जी तारांबळ उडाली! कुणी शिट्टी मारतंय, कुणी फाटक लावतंय. आवाज ऐकून न्यायाधीश स्वतः खिडकीशी आले. नळ्यांचा फाटकाबाहेर ढीग लागला आणि माणसं आत आली.

“हे कशासाठी वापरता?” साहेबांनी विचारलं.

“डुकरे हाकलाले, साहेब,” दगडूआबा म्हणाले.

“आणखी कुणाकडे आहेत?”

“बठ्ठास्कडे शे. त्या पोऱ्याले धरं, मंग माले बी धरा.” असं म्हणून आबांनी दोन्ही हात पुढे केले. मागच्या सगळ्यांनी केले.

साहेब माझ्याकडे वळले. सरकारपक्षाचं म्हणणं काय? सकाळी मला वरून फोन आला होता, प्रकरण सोडायचं नाही. मी त्या पुढे केलेल्या हातांकडे बघितलं आणि म्हणालो, “सरकारपक्षाला काही म्हणायचं नाही.” हनीफ दोषमुक्त झाला. वर्षाहून जास्त आत काढून तो बाहेर आला तेव्हा पिंपळनेरकरांनी त्याला कोर्टाच्या फाटकाशी ट्रॅक्टरवर बसवलं, हलगी लावली. टेबलाचे पाय मोडणारेही त्या गर्दीत नाचत होते. माझ्याच टेबलावरची केस गेली होती आणि मलाच कुणीतरी पेढा भरवला. तो मला फार गोड लागला.

“अक्का, चला ना ट्रॅक्टरवर!” लोक ओढत होते. अक्का म्हणाल्या, “तुमी व्हा पुढे. माले अडीचले कोर्ट शे.”

अडीचला त्या दुसऱ्या एका माणसासाठी उभ्या राहणार होत्या. त्याचं नाव मी लिहीत नाही. एका बसस्थानकावर स्फोटकांची पिशवी ठेवताना तो रंगेहाथ सापडला होता. पिशवी फुटली नाही म्हणून माणसं वाचली. हे कळताच हलगी थांबली. हनीफची आईसुद्धा म्हणाली, “अक्का, तो ते खरा शे. त्यानासाठे कसाले?”

“तुना पोऱ्या निर्दोष व्हता म्हनीसन उभी राह्यनू का मी?” अक्का म्हणाल्या. “तवय माले काय माहीत व्हतं? एकला व्हता, म्हनीसन उभी राह्यनू. हाऊ बी एकलाच शे.” आणि बाह्या दुमडत त्या आत गेल्या. मीही त्यांच्यामागून आत गेलो, कारण त्यांच्यासमोर मलाच उभं राहायचं होतं.

त्या खटल्यात अक्का असल्याने पोलिसांनी त्याच्या अंगाला बोट लावलं नाही. अटकेची कारणं त्याला त्याच्या भाषेत लेखी दिली, रोज डॉक्टरांनी तपासलं, वकील भेटू दिला. अक्कांनी माझा एकेक साक्षीदार चाळणीतून काढला. इतकी वर्षं मी असल्या खटल्यांत मिळवलेल्या शिक्षा वरच्या कोर्टात एकापाठोपाठ एक गळून पडल्या होत्या. कुठे मारून घेतलेली कबुली, कुठे वकीलच दिलेला नाही. त्या माणसाला शिक्षा झाली. त्याने वर अपील केलं. वरच्या कोर्टाने सगळं उलटंपालटं करून बघितलं आणि लिहिलं की आरोपीच्या एकाही हक्काला धक्का लागलेला नाही. शिक्षा कायम.

निकाल आला तेव्हा मी निवृत्त होऊन जळगावला आलो होतो. पहिला फोन अक्कांचा. हरलेल्या वकिलाचा आवाज असा फुललेला मी कधी ऐकला नव्हता.

“नाना,” त्या म्हणाल्या, “आपली शिक्षा टिकनी!”